बंडीवरचा डाग

ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव केज तालुक्यात आहे. घरी सासूबाई, सासरे, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी. मालक चाकणला कंपनीत आहेत. सासऱ्यांना मी मामा म्हणते. वय ६२, माळकरी, गावच्या भजनात पखवाज वाजवतात. दोन महिन्यांपासून त्यांच्या बंडीला डाव्या बाजूला एकाच जागी तपकिरी डाग लागतोय. चार बंड्या झाल्या, जागा तीच. दरवर्षी पोळ्याला मामा उघड्या अंगानं बैल धुतात. या वर्षी बंडी घालूनच ओढ्यात उतरले. ओल्या बंडीतून मला दिसलं, डावं बोंड आत ओढलं गेलंय. गावातल्या डॉक्टरांनी गळू म्हणून मलम दिलंय, उन्हाळ्यापासून लावतात. दुखत नाही म्हणतात. मामांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, पंचेचाळीशीत छातीतल्या गाठीनंच गेल्या. मालकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, 'बाप्याला कुठं तसला आजार होत असतो का? दिवाळीत आल्यावर बघू.' सासूबाईंशी बोलायची हिंमत होईना. सून असून सासऱ्याच्या छातीकडं बघते, असं कुणी म्हटलं तर? पुरुषाला हा आजार खरंच होतो का? मी कुणाला सांगू? आणि माझ्या मुलीला यातून काही धोका आहे का?
– एक सून

लेकी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुझं पुढचं सगळं त्याच्यापाशी अडलंय. होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांमागे पुरुष एखादाच असतो, पण असतो. बाळ जन्मतं तेव्हा मुलगा असो की मुलगी, बोंडामागं थोडी ग्रंथी आणि दुधाच्या बारीक नळ्या दोघांनाही असतात. मुलगी वयात आली की त्या वाढतात, मुलाच्या तशाच बारीक राहतात. पण राहतात, जात नाहीत. पुरुषाचा स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा त्याच नळ्यांमध्ये सुरू होतो, आणि बहुतेकांना साठीच्या आगेमागे किंवा त्यानंतर होतो.

मामांना कॅन्सरच आहे असं इथं बसून मी म्हणणार नाही. तपासणीआधी ते कुणीच म्हणू शकत नाही. पण तू लिहिलेल्या गोष्टी एकापुढं एक ठेवून बघ. एकाच बाजूच्या बोंडातून रक्तासारखा स्राव. बोंड आत ओढलेलं. दुखणं नाही. मलम लावून महिने गेले, फरक नाही. सख्ख्या बहिणीला हाच आजार, तोही तरुण वयात. यातली एक गोष्ट असती तरी मी 'डॉक्टरांना दाखवा' म्हटलं असतं. पाचही एकत्र आहेत, म्हणून सांगते की दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. सोयाबीन निघेपर्यंतही नाही. याच आठवड्यात जायचं.

'दुखत नाही' या शब्दाला आपल्याकडं फार माणसं फसतात. ठणकतं, लाल होतं, पू धरतं ते गळू. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बोंडाच्या मागं, जरा एका बाजूला, खड्यासारखी टणक लागते. पुरुषांच्या छातीत दुसरीही एक वाढ होते, ती कॅन्सरची नसते आणि ती कितीतरी जास्त आढळते. वयानं, वजनानं, लिव्हरच्या आजारानं किंवा काही औषधांनी, उदाहरणार्थ पोटातलं पाणी कमी करायला किंवा हृदयासाठी दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन, छाती वाढते. ती वाढ बोंडाच्या भोवती सारखी पसरलेली असते, रबरासारखी लागते, पुष्कळदा दोन्हीकडं असते आणि हात लावला की हुळहुळते. तिच्यात बोंड आत जात नाही आणि रक्त येत नाही. म्हणून मामांच्या बाबतीत 'वयानं होतं असं' म्हणून समाधान करून घेऊ नकोस. गाडीचा दांडा छातीला लागला होता, पखवाजाचा पट्टा घासतो, असंही घरात कुणी म्हणेल. मार लागल्यानं कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून माणूस तिथं हात लावून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते, एवढंच.

तुझ्या मालकांना हेही सांग. २०१९ साली अमेरिकेतली गायिका बियॉन्से हिच्या वडिलांनी, मॅथ्यू नोल्स यांनी, आपल्याला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं टीव्हीवर उघडपणे सांगितलं. त्यांचीही सुरुवात शर्टावरच्या रक्ताच्या ठिपक्यांनी झाली. मग बायकोनं चादरीवरचे डाग दाखवले. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं.

आता मी तुला एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ही गोष्ट मनात आहे म्हणूनच तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी लिहायला बसले.

सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी बावीस वर्षं काढली. रुग्णाचा कागद अडला, पैसा अडला किंवा माणूसच अडला की आमच्याकडं पाठवायचे. एका सकाळी परळीकडचे एक गृहस्थ आले होते. साठीचे, पांढरा शर्ट, धोतर, हातात नायलॉनची पिशवी. डॉक्टरांनी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, चिठ्ठी दिली होती. त्या खोलीबाहेरच्या बाकावर नऊ-दहा बायका बसल्या होत्या. खिडकीतल्या मुलानं चिठ्ठी बघितली आणि मोठ्यानं विचारलं, "पेशंट कुठाय? बाईंना पुढं पाठवा." गृहस्थ म्हणाले, "मीच हाय." बाकावरच्या दोघींनी तोंडाला पदर लावला. खिडकीतल्या मुलानं आत वळून कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि आतूनही हसण्याचा आवाज आला. गृहस्थांनी चिठ्ठी परत मागून घेतली, तिची चौकोनी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि जिन्याकडं गेले. मी दहा हातांवर उभी होते. वाटलं, पाणी प्यायला चालले असतील. हाक मारली नाही.

सात महिन्यांनी ते आले. तीच चिठ्ठी घेऊन आले, घड्यांवर फाटलेली. बोंडाच्या जागी जखम झाली होती, काखेत गाठी होत्या, हात सुजला होता. ऑपरेशन, केमो, शेक (म्हणजे रेडिएशन), सगळं झालं. अडीच वर्षं मिळाली. शेवटच्या दिवसांत मी एकदा त्यांना विचारलं, त्या दिवशी परत का गेलात? म्हणाले, "बाई, मरणाचं भ्या नव्हतं. त्या बाकाचं व्हतं."

ते सात महिने आजाराला आम्ही दिले. खिडकीनं दिले, मीही दिले. पुरुषांमधला हा कॅन्सर बायकांपेक्षा जास्त जहाल असतो असं नाही. आजार ज्या टप्प्यावर सापडतो तो टप्पा सारखा असेल, तर उपचारांचा गुण दोघांनाही जवळपास सारखाच येतो. फरक पडतो तो पुरुष उशिरा येतात म्हणून. छातीवर मांस कमी असतं, त्यामुळं गाठ लवकर हाताला लागायला पाहिजे, आणि लागतेही. पण त्याच कारणानं ती बोंडापर्यंत, कातडीपर्यंत आणि छातीच्या स्नायूपर्यंत लवकर पोचते. म्हणून महिना-दोन महिने ही लहान गोष्ट नाही.

आता, कुणाला सांगायचं. सासूबाईंना सांग, आणि पहिल्यांदा त्यांनाच सांग. त्यांनी चाळीस वर्षं या माणसासोबत संसार केलाय आणि याच आजारानं गेलेली नणंद डोळ्यांनी बघितली आहे. रात्रीसुद्धा बंडी न काढणाऱ्या नवऱ्याबद्दल त्यांना काहीच कळलं नसेल, असं मला वाटत नाही. बहुधा त्याही कुणीतरी तोंड उघडायची वाट बघतायत. दुपारी मामा रानात असताना त्यांच्या शेजारी बस आणि डाग लागलेली बंडी त्यांच्या हातात दे. मग फार शब्द लागणार नाहीत. "रोज एकाच जागी लागायलंय. बोंड आत गेलंय. आत्याबाईंचं आठवतंय ना?" एवढंच बोल. कॅन्सर हा शब्द तू काढू नकोस. तो त्यांच्या मनात आधीच आला असेल.

सासऱ्याच्या छातीकडं बघते, असं कुणी म्हणेल ही तुझी भीती मला कळते. आपल्या भागात सून सासऱ्यासमोर डोईवरचा पदर खाली पडू देत नाही, आणि तिनं त्याच्या अंगाबद्दल बोलायचं म्हणजे केवढं. पण घरातलं धुणं तुझ्या हातात आहे, तर डागही तुलाच दिसणार. बंडी धुणाऱ्या हातानं डाग दाखवला तर त्यात मर्यादा कुठं मोडली? कापूस पिकवणाऱ्या गावात बोंड हा शब्द दिवसाला पन्नास वेळा तोंडी येतो. दवाखान्यात तोच शब्द वापर, डॉक्टरांना बरोबर कळेल.

मालकांना फोन करशील तेव्हा 'मामांना बरं नाही' असं मोघम सांगू नकोस. मोघम सांगितलं की माणूस दिवाळीचं नाव काढतो. बंडीचा फोटो पाठव आणि म्हण, "डाव्या बोंडातून रक्त येतंय, बोंड आत गेलंय, तुमच्या आत्या याच्यानंच गेल्या. सोमवारी अंबाजोगाईला नेतोय. तुम्ही रविवारी रात्री निघा, नाही जमलं तर मी आणि सासूबाई नेतो." परवानगी मागू नकोस, कळव. ते आले तर फार बरं होईल. तपासायच्या खोलीत वडिलांसोबत मुलगा असला की मामांना मोकळं होता येईल. नाही आले तरी सोमवार चुकवायचा नाही.

आणि दोघंही कच खाऊ लागले, तर तू बोल. संध्याकाळी हातपाय धुऊन मामा ओट्यावर टेकले की चहाचा कप ठेव आणि खाली मान घालूनच सांग, "मामा, तुमच्या बंडीला रोज डाग लागायलाय. मलमानं जाईना. मोठ्या डॉक्टरला दाखवू." ते रागावतील, किंवा उठून देवळात जातील. जाऊ दे. रात्री त्यांच्या मनात ते फिरत राहील. एक मात्र कर. भावकीत, शेजारात, भजनी मंडळात कुणालाही सांगू नकोस. गावाला काय सांगायचं आणि कधी, ते मामांनी ठरवायचं.

दवाखान्याचं आता नीट सांगते. तुमच्यापासून जवळ अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा आणि सर्जरीच्या ओपीडीत जा. कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवत असतील तर 'बोंड आत गेलंय आणि रक्त येतंय' एवढं वाक्य बोला, ते सर्जरीकडं वळवतील. आधार, रेशनकार्ड, मलमाची ट्यूब, रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आत्याबाईंची जुनी फाईल त्यांच्या मुलाकडं असेल तर तीही मागून घ्या. तिचा उपयोग पुढं सांगते. दवाखान्यात पोचल्यावर समाजसेवा अधीक्षकांची खोली विचार आणि आत जाऊन सांग, 'पुरुष रुग्ण आहे, बायकांच्या रांगेत बसवू नका, नाव घेऊन बोलवा.' त्या परळीच्या गृहस्थांनंतर आमच्याकडं असा पुरुष रुग्ण आला की मी त्यांना सकाळी पहिल्या नंबराला आत नेऊ लागले. सांगितलं तर लोक ऐकतात.

डॉक्टर आधी दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा हातानं तपासतील. मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. मॅमोग्राफी पुरुषाची करता येते. जरा दाबल्यासारखं होतं, पण काही मिनिटांत होऊन जातं. त्यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून जाडसर सुईनं गाठीचे भाताच्या शितासारखे बारीक तुकडे काढतात आणि तपासायला देतात. ही सुई लावली की गाठ पसरते, असं तुला गावात दहा जण सांगतील. पसरत नाही. बायोप्सीशिवाय आजाराचं नाव कळत नाही आणि नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत. अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन चाचण्या आहेत का ते बघा. नसतील तर मागा. गाठ कोणत्या हार्मोनवर वाढते आणि कोणतं औषध चालेल, ते त्यातून कळतं. याला आठ-पंधरा दिवस जातात, त्यात घाबरू नका.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. एखादा ओळखीचा डॉक्टर म्हणेल, "छोटीशी गाठ आहे, अर्ध्या तासात काढून टाकतो, कशाला हेलपाटे." बायोप्सी न करता, काख न बघता नुसती गाठ काढली, तर आजार मागं राहू शकतो आणि पुढच्या ऑपरेशनचं गणित बिघडतं. असं काढून घेऊन मग आमच्याकडं आलेली माणसं मी पुष्कळ बघितली. पहिलं ऑपरेशन बरोबर व्हायला पाहिजे. लेप, झाडपाला, चुना, यातलं काहीही त्या जागेवर लावू देऊ नकोस.

अहवालात कॅन्सर निघालाच, तर पुढचे उपचार कुठं घ्यायचे याला तुमच्याकडं वाटा आहेत. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, तिथं ऑपरेशन, केमो आणि शेक एका छताखाली होतात. कळंबमार्गे बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, धाराशिव आणि बीडकडची कितीतरी माणसं तिथं जातात. परळच्या टाटामध्ये जायचं ठरलं तर कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात तिकीट माफ असतं आणि सोबत्याला मोठी सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे रुग्ण आणि त्यांची माणसं वर्षानुवर्षं तिथं उतरतात. पण केवळ मोठं नाव म्हणून घरापासून इतकं लांब जायची घाई करू नका. आजार पहिल्या टप्प्यात असेल तर जवळच्या केंद्रात पूर्ण होणारे उपचार, लांबच्या अर्धवट सोडलेल्या उपचारांपेक्षा कितीतरी बरे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती व्हायच्या आधी तिथं जा. मंजुरीच्या आधीच्या काही तपासण्यांना खिशातून पैसे जातात, तेवढे हाताशी ठेवा. रान गहाण ठेवायची वेळ येत नाही. कुणी तसं सुचवलं तर आधी आरोग्यमित्राला भेटा.

उपचारांचं थोडक्यात सांगते. पुरुषात बहुधा ती बाजू पूर्ण काढतात, सोबत काखेतल्या गाठी तपासतात किंवा काढतात. चार-सहा दिवस दवाखान्यात राहावं लागतं आणि घरी येताना बाजूला बारीक नळी आणि डबी असते, ती काही दिवसांनी काढतात. केमो प्रत्येकालाच लागते असं नाही. शेक लागला तर तीन ते पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस.

पखवाजाचं मात्र मुद्दाम लिहिते, कारण मामा तोंडानं विचारणार नाहीत पण मनात तेच असेल. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ते कणीक लावत असतील आणि डाव्या तळव्याची थाप त्याच्यावर पडत असेल. ऑपरेशनही डाव्या बाजूचं. काखेत कापलेलं असलं की खांदा आखडतो आणि माणूस घाबरून हात पोटाशी धरून बसतो. तसं बसू द्यायचं नाही. फिजिओथेरपीचे डॉक्टर व्यायाम देतील. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, जिथं थांबली तिथं कोळशाची खूण करायची, उद्या खुणेच्या वर. तुझी मुलगी सहा वर्षांची आहे ना, खूण करायचं काम तिला दे. हात सैल झाला की पखवाज मांडीसमोर येतो. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर पुढं त्या हाताला काटा, विळा, भाजणं यांपासून जपायचं, सूज दिसली की लगेच दाखवायचं. कापूस वेचताना त्या हातात मोजा घालायचा.

आणखी एक गोष्ट अशी की ती दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर सुरू होते आणि तिथंच पुरुष मागं फिरतात. पुरुषांच्या या कॅन्सरपैकी सुमारे नव्वद टक्के गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणाऱ्या असतात. हे हार्मोन पुरुषाच्या अंगातही थोडं असतंच. त्यावर टॅमॉक्सिफेन नावाची रोज एक गोळी असते, स्वस्त आणि जुनी, निदान पाच वर्षं घ्यायची. तिनं अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, मन उदास होतं, वजन वाढतं, नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होऊ शकते. शेवटचं कारण कुणी सांगत नाही, माणूस गपचूप गोळी बंद करतो. त्यात मेडिकलवाला "ही बायकांची गोळी आहे" म्हणाला की आणखीच. सासूबाईंना हे आधी माहीत असलं तर त्या सांभाळून घेतील. त्रास झाला तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना, कारण या गोळीनं क्वचित रक्ताची गुठळी होते.

अहवाल आल्यावर घरात कुजबुज सुरू होईल की म्हाताऱ्याला सांगू नका, हाय खाईल. माझं मत याच्या उलट आहे, आणि ते बावीस वर्षांत बदललं नाही. मामांना सांगा. आजार त्यांच्या अंगात आहे, सुई त्यांना टोचणार आहे, पाच वर्षं गोळी त्यांनी घ्यायची आहे. पोळ्याला बंडी न काढणारा माणूस काहीच ओळखून नाही, असं समजू नका. तो एकट्यानं ओळखून आहे. मुलानं शेजारी बसून, हातावर हात ठेवून सांगावं. डॉक्टरांसमोर सांगितलं तर त्यांना काय विचारायचं ते तिथंच विचारता येईल.

आता तुझ्या लेकीचं. आत्याबाईंना पंचेचाळीशीत आणि भावालाही तोच आजार, असं निघालं तर घराण्यात एखादा जनुकीय दोष असू शकतो. पुरुषांच्या बाबतीत जास्त आढळतो तो बीआरसीए-टू नावाच्या जनुकातला. असा दोष असलेल्या शंभर पुरुषांपैकी साधारण सहा-सात जणांना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो, म्हणजे बाकीच्या बहुसंख्यांना होत नाही. बायकांमध्ये मात्र त्याच दोषानं स्तनाच्या आणि बीजकोशाच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरचा धोका बराच वाढतो. आपल्याकडं समज असा, की असा आजार आईकडून लेकीला येतो. तो बापाकडूनही येतो. दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आधी तपासणी मामांच्या रक्ताची. ज्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झालाय त्याला ही तपासणी सुचवलीच जाते. कुणी सुचवली नाही तर तुम्ही विचारा. आत्याबाईंची फाईल तेव्हा उपयोगी पडेल. मामांच्या रक्तात दोष नाही निघाला, तर या काळजीचं ओझं बरंच उतरेल. निघाला, तर मग तुझ्या मालकांची तपासणी, त्यांच्या भावंडांची, आत्याबाईंच्या मुलामुलींची. आणि मालकांच्यात नसेल तर तुझ्या लेकीलाही तो त्यांच्याकडून मिळालेला नाही, विषय संपला.

असला तरी सहा वर्षांच्या पोरीची तपासणी करायची नसते. ती सज्ञान झाली की समुपदेशकांशी बोलून तिनं स्वतः ठरवायचं. दोष आढळला तर पंचविशीपासून नियमित तपासण्या करता येतात, म्हणजे आत्याबाईंना जे उशिरा कळलं ते हिला कधीच उशिरा कळणार नाही. तोपर्यंत तिला भरपूर खेळू दे. आणि मालकांनी आजपासून महिन्यातून एकदा आंघोळीला साबण लावताना दोन्ही बोंडांच्या मागं आणि काखेत बोटं फिरवून बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

पोरीच्या लग्नात हे आडवं येईल, म्हणून तपासणीच नको, असं घरातलं कुणी म्हणेल. अजून पंधरा-वीस वर्षं आहेत त्याला. तुझ्या मालकांनी आणि तू ठाम राहा.

रविवारी संध्याकाळी सासूबाईंना सांग की सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचंय, भाकरी बांधून घ्या, दुपार होईल. मामांना पुढून बटणं असलेला शर्ट घालायला लाव, काढायला सोपा पडतो. आणि आजची बंडी धुऊ नकोस. वाळव, डाग वर राहील अशी घडी कर आणि स्वच्छ पिशवीत ठेव. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारल्यावर मामा गप्प राहिले, तर ती पिशवी टेबलावर ठेव.